मोकळा काटा

दिंद्रुडला हिंगमिऱ्यांचं किराणा दुकान होतं. एका बाजारच्या दिवशी एका गिऱ्हाइकानं तराजूचं पारडं उलटं केलं, तर त्याच्या बुडाला चिंचेचा गोळा चिकटलेला निघाला. गोळा लहानच, बोराएवढा. पण ज्या पारड्यात माल टाकायचा, त्याच पारड्याखाली होता. गावानं भांडण केलं नाही, कुणी हात उचलला नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणं तेवढं बंद केलं.

शिवप्पा हिंगमिरे मात्र रोज सकाळी दुकान उघडत राहिले. गल्ल्याला उदबत्ती लावायची, गादीवर बसायचं, दिवस मावळला की फळ्या लावायच्या. घरातली माणसं न खपलेला माल खात होती. आधी डाळी संपल्या, मग तांदूळ, शेवटी भुंगा लागलेले हरभरे. मग घरची बाई पदर डोक्यावरून घेऊन दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जाऊ लागली. वाण्याच्या घरातली बाई रानात कामाला गेलेली गावानं तोवर पाहिली नव्हती. मोठ्या मुलीची शाळा सुटली. धाकट्या मन्मथला चौसाळ्याला मामाकडं धाडलं, म्हणजे खाणारं एक तोंड कमी.

हे सगळं मला मन्मथ हिंगमिरे सरांनीच सांगितलं, प्रयोगशाळेत स्टुलावर बसून, कुणा तिसऱ्याची हकिगत सांगावी तसं.

"बापानं लावला का पोरासोरांनी चिंच खाऊन हात पुसला, मला ठाऊक न्हाई बाई. मी कधी इचारलं न्हाई. त्येनी सांगितलं न्हाई."

"मग तुम्हाला काय वाटतं सर?"

"वाटून काय करता? गोळा तर होता." आणि लगेच, "चला, नळी टांगा."

पाटोद्याकडच्या एका कॉलेजात ते पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली अधिव्याख्याता. विभागात आम्ही दोघंच. माझे वडील एसटी स्टँडवर हमाली करायचे. आमच्या अख्ख्या भावकीत माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि एमएस्सी झालेली बाई म्हणून आमच्या वस्तीत मला आजही वेगळी खुर्ची मिळते. ती मी घेते. सर मला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणाले, 'पोरी' म्हणाले नाहीत. तेवढ्यावर मी त्या विभागात टिकले.

पोरं त्यांना मागून 'काटा' म्हणायची. ठेंगणा बांधा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या पेटीतलं लिंग, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हॉटेलात चहा आला की आधी रिकामा कप मागवायचे, तो उलटा करून बुडाकडून बघायचे, मग त्यात चहा ओतून घ्यायचे. हॉटेलवाला म्हणायचा, "सर, काय सापडतं का हो कधी?" सर म्हणायचे, "आजवर न्हाई." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कप उलटा.

वर्गात कुठलाही प्रयोग असो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "आधी मोकळा काटा दाखवा. काहीच टाकलं नसताना काय दिसतंय, त्ये बगा." एकदा एका पोरानं मागच्या बाकावरून विचारलं, "सर, मोकळ्या काट्यात काय बगायचं? मोकळाच असतोय की." वर्ग हसला. सर हसले नाहीत. "असतोय का, त्येच बगायचं," म्हणाले.

तेव्हा देश उघडला म्हणत होते. पाटोद्यात घरांच्या माळवदांवर केबलच्या छत्र्या आल्या, एसटीडीचे पिवळे बूथ आले, चौसाळ्याच्या रस्त्यावर नव्या कंपन्यांच्या मोटारसायकली दिसू लागल्या. सर उजळणी वर्गासाठी हैदराबादला गेलते, ते तिथून एक वेड घेऊन आले. प्लास्टिकची एक नवी जात निघाली होती. तिच्यातून वीज सोडली की ती उजेड देते. पॉलिमरच, पण उजेड देणारं.

"म्हणजे बल्ब?" मी विचारलं.

"बल्ब न्हाई. कापड समजा. उद्याच्याला टीव्ही गुंडाळून पिशवीत टाकून न्याल बाजाराला."

आमचा शिपाई रज्जाकभाई म्हणाला, "टीव्ही पिशवीत, तो फिर भाजी कशात आणायची सर?"

सरांना त्या उजेडाचं तेवढं नव्हतं. त्यांचा प्रश्न उलटा होता. हे प्लास्टिक उजेड देतं ते ठीक, पण त्याच्यावर बाहेरून उजेड टाकला तर त्याच्या चुंबकपणात फरक पडतो का? मला समजावताना त्यांनी दोन खडू घेतले आणि उलटसुलट जोडून धरले. "एकेक इलेक्ट्रॉन म्हणजे बारकं चुंबक. पण ह्ये जोडीनं बसत्यात, एक वर, एक खाली. जोडीत हायेत तवर बाहेरच्या चुंबकाला दाद देत न्हाईत. उजेड पडला की जोडी मोडती." त्यांनी खडू लांब केले. "एकटा पडला की चुंबक त्याला वढतंय. म्हणजे वजन वाढल्यावानी दिसंल. मोजायचं एवढंच हाय."

त्या 'एवढंच'मध्ये आमची पुढची वर्षं गेली. सरांनी विद्यापीठात पीएचडीला नाव घातलं. वय पन्नाशीच्या आसपास. आमच्या कॉलेजात तोवर एकही डॉक्टर नव्हता. त्यामुळं ही गोष्ट सरांची एकट्याची राहिली नाही. संस्थेची झाली.

रसायनशास्त्राच्या खोलीतला जुना काचपेटीतला तराजू आम्ही मागून आणला. टेबलाला भोक पाडलं. तराजूच्या एका बाजूला दोऱ्यानं काचेची नळी टांगली, ती भोकातून खाली, मोठ्या विद्युतचुंबकाच्या दोन तोंडांमध्ये लोंबायची. नळीत प्लास्टिकची भुकटी भरायची. बाजूनं दिव्याचा झोत. तराजूच्या दांडीला आरशाचा तुकडा डकवला होता, त्याच्यावरून उडालेला उजेडाचा ठिपका समोरच्या भिंतीवरच्या कागदी पट्टीवर पडायचा. वजन तसूभर हललं की ठिपका हलायचा. खिडक्यांना काळं कापड, पंखा बंद, उन्हाळा बीडचा. घाम पुसायला हात उचलला तरी सर म्हणायचे, "वारं करू नका बाई."

लोखंडाचं तर सोवळंच होतं. चुंबकाजवळ लोखंड आलं की माप बिघडतं. दाराबाहेर एक परात ठेवलेली. आत येणाऱ्यानं घड्याळ, किल्ल्या, पट्टा तिच्यात टाकायचा. चपला बाहेर, कारण चपलेला खिळे. मला रोज सांगायचे, "बाई, पिना." मी मंगळसूत्राच्या, पदराच्या, केसातल्या सगळ्या पिना काढून परातीत टाकायची आणि पदर हातानं धरून आकडे लिहायची. रज्जाकभाई म्हणायचा, "सरका लॅब यानी दर्गाह है. सब उतारके जाना."

एकदा संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब प्रयोग बघायला आले. पांढरे कपडे, मागं चार माणसं. सर दारात उभे.

"आबासाहेब, कमरेचं बाहेर ठेवा."

आबासाहेबांच्या कमरेला परवान्याचं पिस्तूल असायचं. ते कुणी काढायला सांगितलेलं मी आधी ऐकलं नव्हतं. मागची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आबासाहेब पिस्तूल परातीत ठेवून हसले. "कलेक्टरनं न्हाई काढायला लावलं, मास्तर, तुमी लावलं. आता काय निघतंय त्ये निघू द्या बाबा ह्याच्यातनं. सत्काराला मंत्री आणायचाय मला."

"निघंल त्ये निघंल," सर म्हणाले.

प्लास्टिक यायला उशीर होता. हैदराबादच्या एका संस्थेतला सरांचा मित्र ते तयार करून देणार होता. तोवर पावसाळाभर आम्ही मोकळी नळी तपासली. दिवा लावून, दिवा बंद करून, चुंबक चालू, चुंबक बंद. मोकळ्या नळीवर उजेडाचा काही परिणाम नव्हता. ठिपका जिथल्या तिथं. सरांच्या मनासारखा मोकळा काटा.

मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा होते. शेतकरी नांगर पुजतो, वाणी तराजू पुजतो, एसटीचा ड्रायव्हर गाडी. आम्ही प्रयोगशाळा पुजली. सरांच्या बायकोनं, काकूंनी, घरून कुंकवाचा करंडा, झेंडू, खोबरं धाडलेलं. सरांनी तराजूला, चुंबकाला, दिव्याला कुंकू लावलं. नळीला लावताना तिच्या बुडाशी एक टिकली ओढली, ठसठशीत. मी खोबऱ्याचा प्रसाद वाटला.

दिवाळीनंतर हैदराबादहून काळ्या कागदात गुंडाळलेली कुपी आली. उजेडानं खराब होतं म्हणून काळा कागद. आत नारिंगी भुकटी. निळा दिवा धरला की निखाऱ्यासारखी पेटून दिसायची, आणि हात लावला तर गार. सरांनी ती नळीत भरली. दिवा लावला. चुंबक चालू केलं.

ठिपका सरकला.

थोडाच. पण दिवा बंद केला की मागं, लावला की पुन्हा पुढं. चुंबक बंद असताना दिवा लावला तर जवळजवळ नाहीच. सरांनी झोतापुढं लाल काच धरली. ठिपका हलला नाही. हिरवी धरली. सरकला. ते प्लास्टिक हिरवा-निळा उजेड पितं आणि लाल सोडून देतं, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणजे नुसत्या दिव्याच्या उष्णतेचा हा खेळ नव्हता, लाल उजेडातही ऊब असतेच. जो उजेड प्लास्टिक पितं, त्याच उजेडानं वजन वाढत होतं. याहून चोख काय पाहिजे?

"बाई," सर म्हणाले, "चहा सांगा." त्या दिवशी हॉटेलच्या पोरानं आणलेला कप त्यांनी उलटा करून बघितला नाही. तेवढं मला आठवतं.

पुढचं सगळं सरळ झालं. आकडे जमले, आलेख जमले, विद्यापीठातले गाईड खूश झाले. प्रबंध बांधून गेला. परीक्षकांचे अहवाल चांगले आले. तोंडी परीक्षा दिवाळीनंतर ठरली. आबासाहेबांनी सत्काराचा मांडव सांगून ठेवला. दिंद्रुडहून सरांची ती शाळा सुटलेली बहीण पहिल्यांदा कॉलेज बघायला आली. चुंबकाकडं बघून म्हणाली, "मन्या, एवढ्या मोठ्याला बांधून काय तोलतोस रं?" सर म्हणाले, "उजेड, अक्का." तिनं कमरेची किल्ली परातीतून उचलली आणि म्हणाली, "आता दुकानाच्या वट्यावर बसून सांगते सगळ्यांना. डाक्टर हाय म्हणून."

त्या वर्षीची खंडेनवमी. आदल्या दिवशी गेलेली वीज अजून आली नव्हती. पूजेची तयारी झाली. आदल्या वर्षीचं कुंकू पुसून नवं लावायची आमची रीत. सरांनी ओल्या फडक्यानं तराजू पुसला, चुंबक पुसलं, मग भुकटी भरलेल्या नळीच्या बुडाची वर्षभराची टिकली पुसली. नळी कोरडी करून टांगली. करंडा उघडला. आणि वीज आली.

आदल्या दिवशी वीज गेली तेव्हा आमची बटणं चालूच राहिली होती. चुंबक घुमायला लागलं, आरशावरचा दिवा लागला, झोत नळीवर पडला. भिंतीवर ठिपका आला. बोटाला कुंकू लागलेल्या अवस्थेत सर त्याच्याकडं बघत उभे राहिले. त्यांनी दुसऱ्या हातानं झोत बंद केला. चालू केला. बंद केला. ठिपका जागचा हलला नाही.

"वीज कमी असेल सर," मी म्हणाले.

त्यांनी विजेचा दाब बघितला. बरोबर होता.  मग खाली वाकले आणि कुंकवाचं बोट नळीच्या बुडाला, होतं त्याच जागी टेकवलं. झोत लावला. ठिपका सरकला.

पुसलं. ठिपका थांबला. लावलं. सरकला.

त्या दिवशी त्यांनी किती वेळा कुंकू लावलं आणि किती वेळा पुसलं, मी मोजलं नाही. रज्जाकभाई झेंडूची माळ हातात धरून दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "सर, बस करो." सरांनी ऐकलं नाही.

कारण नंतर कळलं, आणि ते साधं होतं. कुंकूही लाल. तेही हिरवा उजेड पितं आणि लाल सोडतं, अगदी त्या प्लास्टिकसारखंच. भुकटी काचेच्या आत होती, टिकली बाहेर. प्यालेल्या उजेडानं टिकली तापायची, तिच्यालगतची हवा तापायची. हवेतल्या ऑक्सिजनला चुंबक ओढतं, पण तापलेल्याला कमी ओढतं. म्हणून चुंबकाच्या तोंडात गार हवा घुसायची, गरम बाहेर ढकलली जायची, आणि त्या एवढ्याशा वाऱ्यानं नळी हलायची. चुंबक बंद तर वारा जवळजवळ बंद. मोकळी नळी आम्ही तपासली होती, पण ती दसऱ्याच्या आधी. आम्ही पिना काढल्या, चपला काढल्या, आबासाहेबांचं पिस्तूल काढलं. कुंकू वर्षभर डोळ्यांसमोर होतं. ते पूजेचं होतं. त्याला वस्तू म्हणून कुणी बघितलंच नाही, मीही नाही, सरांनीही नाही.

सरांनी प्रबंध परत मागवला. विद्यापीठातल्या गाईडकडं मी त्यांच्याबरोबर गेलते. गाईड दार लावून म्हणाले, "हिंगमिरे, परीक्षकांनी मान्य केलंय. आता कोण येतंय तुमच्या नळीचं कुंकू बघायला? तोंडी होऊन जाऊ द्या. नंतर एक दुरुस्ती छापा."

"आदी डॉक्टर व्हायचं आन् मग दुरुस्ती?"

"सगळेच करतात हो."

"पारड्याखाली गोळा हाय सर," हिंगमिरे सर म्हणाले. "मला दिसलाय."

गाईडना ते कळलं नाही. त्यांनी घड्याळ बघितलं.

आबासाहेब चिडले नाहीत, हसले. "मास्तर, कुकवानं घर उभं ऱ्हातंय आसं ऐकलंतं. कुकवानं पदवी जाती, त्ये आता बगितलं." मांडववाल्याला परत धाडलं. कॉलेजात पोरांनी फळ्यावर तराजू काढून त्याला टिकली लावली. सरांनी ते चित्र पुसलं नाही. उरलेल्या फळ्यावर शिकवलं.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा काकू जात्यापाशी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुंकू माझ्या करंड्यातलं होतं ना गं?" मी हो म्हणाले. "मग मला सांगायला कावून लाजलेत ते? पंधरा दिस झाले, जेवतेत आन् उठतेत."  नळीवरची टिकली पुसली त्या दिवसापासून मला त्या गोष्टीचं वाईटही नीट वाटलं नव्हतं. चहा घेतला आणि निघाले.

सर पुढच्या सोमवारी नेहमीच्या वेळेला आले. नळी ॲसिडनं धुतली, कोरडी केली, मोकळी तपासली, भरली, पुन्हा तपासली. हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं, कुणी मागितलेलं नसताना. "बाई, पिना," रोज. खंडेनवमीला आम्ही तराजू पुजला, चुंबक पुजलं. नळीला सरांनी झेंडूचं फूल दुरून दाखवलं आणि खाली ठेवलं. विद्यापीठाच्या एका छोट्या नियतकालिकात त्यांनी दोन पानांचं टिपण छापलं. माझंही नाव घातलं. त्यात कुंकवाची हकिगत होती, साध्या भाषेत, कुणाला दोष न देता. कुणाचं पत्र आलं नाही. नावापुढं डॉक्टर लागलं नाही. निरोपाच्या दिवशी त्यांनी परात रज्जाकभाईला दिली.

शेवटचे दिसले ते बीडच्या स्टँडवर. मी गाडीत खिडकीशी बसले होते. फलाटावर तो नाणं टाकायचा वजनाचा काटा होता, लाल-हिरवे दिवे गरगर फिरणारा. सर त्याच्यापुढं उभे होते, भस्म लावलेलं, हातात पिशवी, मागं काकू. ते काट्यावर चढत नव्हते. नुसते बघत होते. दिवे फिरत होते आणि काचेमागचं चाक शून्यावर स्थिर होतं. मागच्या माणसानं हटकलं, "ओ आप्पा, चढायचं का न्हाई?" सरांनी त्याला हातानं थांब म्हणून खुणावलं. अजून थोडं बघितलं. मग पिशवी काकूंकडं दिली, चपला काढल्या आणि काट्यावर चढले. आमची गाडी सुटली. हाक मारता आली असती. मी मारली नाही.

सर गेल्याचं कळलं तेव्हा मी पेपर तपासत होते. रज्जाकभाईनं येऊन सांगितलं. मी बरं म्हणाले आणि पुढचा पेपर ओढला. त्यातही एका पोरानं प्रयोगाच्या उत्तरात पहिली ओळ लिहिली होती, आधी मोकळ्या उपकरणाचे माप घ्यावे. मी अर्धा गुण दिला.

एवढ्या वर्षांच्या कामातून निघालं ते असं: त्या उजेड देणाऱ्या प्लास्टिकवर उजेड टाकला, तर त्याच्या चुंबकपणात आमच्या तराजूला दिसेल एवढा फरक पडत नाही. हे मन्मथ शिवप्पा हिंगमिरे यांनी मोजून दाखवलं.